पोटातली आग आणि धायटीची फुलं

तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय आहे? चार्जर, च्युइंग गम, जुनी बिलं, व्हिजिटिंग कार्डांचं पुडकं... आणि सगळ्यात पुढे, हाताला पटकन लागेल अशी, पित्ताच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. नाहीये? मग शेजारच्याच्या ड्रॉवरमध्ये नक्की असेल. सकाळचा नाश्ता स्किप, अकरापर्यंत तीन कॉफ्या, दुपारचं जेवण साडेतीनला, रात्री अकराला मागवलेलं पार्सल आणि डोकं दुखलं की रिकाम्या पोटी पेनकिलर. हा आपल्या पिढीचा दिनक्रम, आणि त्यावरचा उतारा म्हणजे ती छोटीशी गोळी. ॲसिडिटीला आता कुणी आजार म्हणतच नाही. ट्रॅफिकसारखी झालीये ती. असतेच!

हल्ली या स्ट्रिपशेजारी नवी मंडळी येऊन बसलीत. कॅमोमाइल टी, जास्वंदीचा चहा, कसल्या कसल्या 'फ्लॉवर एक्स्ट्रॅक्ट'च्या कॅप्सूल. बाटलीवर फुलाचं झकास चित्र आणि खाली पोटाच्या अस्तराचं नैसर्गिक रक्षण वगैरे मजकूर. माझ्या एका मैत्रिणीनं मध्यंतरी अशीच बाटली माझ्या नाकासमोर धरली. "तू कोल्हापूरकडची ना? हे धातकी पुष्प म्हणजे काय गं? खरंच अल्सर होऊ देत नाही?"

धातकी? अगं, ही तर आमची धायटी! पण तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून हा कॉलम.

भुदरगडच्या उतारावर

गारगोटी माझं आजोळ. कोल्हापूरहून दक्षिणेकडे पन्नासेक किलोमीटर. बिद्रीचा साखर कारखाना मागे टाकायचा, मुदाळ तिट्टा ओलांडायचा, की वेदगंगेच्या खोऱ्यातलं हे भुदरगड तालुक्याचं ठिकाण येतं. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठाचं हे गाव. इथून पुढे रस्ता पाटगावला जातो, म्हणजे सह्याद्रीच्या अगदी कुशीत. मधाचं गाव म्हणून पाटगावचं नाव आता सगळीकडे झालंय. जिथे मध तिथे फुलं, हे काही वेगळं सांगायला नको.

थंडी सरता सरता या डोंगरउतारांवर धायटी फुलते. माणसाच्या उंचीचं, कधी त्याहून थोडं मोठं झुडूप. फांद्यांना चिकटून नळीसारखी लालभडक फुलं, इतकी की पानं दिसेनाशी होतात. लहानपणी आम्ही ती तोडून देठाकडून चोखायचो. आत गोडसर थेंब असतो. मधमाश्यांशी आमची चक्क स्पर्धा चालायची.

आयुर्वेदात हिची ओळख फार जुनी. तुम्ही घरात द्राक्षासव, अशोकारिष्ट, कुटजारिष्ट अशा बाटल्या पाहिल्या असतील. अशा आसव-अरिष्टांच्या पाठांमध्ये धायटीची फुलं पुन्हा पुन्हा येतात, कारण त्यांच्यामुळे काढा आंबतो. थोडक्यात, आपल्या औषधशाळेचं हे पिढीजात यीस्ट! शिवाय चरकसंहितेत 'संधानीय' नावाचा दहा वनस्पतींचा एक गट आहे. संधानीय म्हणजे तुटलेलं, फाटलेलं सांधणाऱ्या. त्या दहांत धातकी आहे आणि ज्येष्ठमधही आहे. हे ज्येष्ठमध लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोट स्वतःला का पचवत नाही?

आता थोडं सायन्स. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

आपलं पोट हायड्रोक्लोरिक ॲसिड बनवतं. मटणाचा तुकडा विरघळवणारं हे ॲसिड मटणासारख्याच मांसाच्या पिशवीत राहतं आणि पिशवी शाबूत राहते. कशी? आतल्या अस्तरावर चिकट बुळबुळीत द्रवाचा एक थर असतो. त्या थरात बायकार्बोनेट म्हणजे आपल्या खायच्या सोड्याचाच भाऊबंद झिरपत असतो. खालून रक्तपुरवठा चालू असतो आणि झिजलेल्या पेशी काही दिवसांत बदलल्या जातात. या सगळ्या बंदोबस्ताला 'चालू राहा' असं सांगणारी रसायनं म्हणजे प्रोस्टाग्लँडिन.

या बंदोबस्ताला भगदाड पडलं की ॲसिड थेट अस्तराला भिडतं आणि जखम होते. तीच अल्सर. भगदाड पाडणारे मुख्य गुन्हेगार दोन. पहिला, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो १९८२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. डॉक्टर लोक ऐकेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनं जिवाणूंचं ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि पोटाला सूज आणून दाखवली! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा पाहुणा मुक्कामाला असतो. त्यातल्या थोड्यांनाच अल्सर होतो, पण होतो.

दुसरा गुन्हेगार आपल्या पर्समध्येच असतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. त्या प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये शोधून काढलं आणि १९८२ चं नोबेल मिळवलं. पण तेच प्रोस्टाग्लँडिन पोटाच्या बंदोबस्तावर असतं ना! गुडघ्याची कटकट मिटते आणि पोटाचा पहारेकरी घरी जातो.

फुलं नेमकं काय करतात?

धायटीच्या फुलात टॅनिन भरपूर असतं. कच्चं केळं किंवा न पिकलेला पेरू खाल्ल्यावर जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तो टॅनिनचा. टॅनिन प्रथिनांना पकडून घट्ट करतं. जखमेच्या पृष्ठभागावर असा पातळ, घट्ट थर झाला की ॲसिडला आत शिरायला त्रास होतो, अशी त्यामागची कल्पना.

शिवाय या फुलात इलॅजिक ॲसिड आणि क्वेर्सेटिनच्या जातीची द्रव्यंही असतात. क्वेर्सेटिननं उंदरांच्या पोटातल्या जखमा कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलंय. इलॅजिक ॲसिडची गोष्ट तर भारीच आहे. पोटात ॲसिड सोडणारा एक सूक्ष्म पंप असतो. तुमच्या ड्रॉवरमधली ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल हाच पंप बंद करते. १९९१ मध्ये जपानी संशोधकांना इलॅजिक ॲसिडही याच पंपाला अडवतं असं आढळलं. म्हणजे फुलाचा दावा अगदीच हवेतला नाही.

धायटी एकटी नाही. लवंग म्हणजे न उमललेली कळीच. २०११ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी लवंगेचं तेल आणि त्यातलं युजेनॉल उंदरांना दिलं, तर अल्कोहोल आणि वेदनाशामकांनी होणाऱ्या जखमा कमी झाल्या आणि पोटातला तो बुळबुळीत थर वाढला. १९९५ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधकांनी ॲस्पिरिननं जखमा केलेल्या उंदरांवर काही देशी वनस्पतींचे अर्क तपासले. त्यात शेवग्याच्या कळ्याही होत्या आणि त्यांचा उपयोग दिसला. शेवग्याच्या फुलांची भाजी आमच्याकडे घरोघरी होते. आजीला रिसर्च पेपर दाखवला असता तर ती म्हणाली असती, "मग? आमी काय उगंच खातोय व्हय?"

उंदीर ते तुम्ही

पण थांबा. हे प्रयोग होतात कसे, ते बघू.

उंदराला उपाशी ठेवतात. मग फुलाचा अर्क देतात. तासाभरानं निखालस अल्कोहोल किंवा ॲस्पिरिनचा मोठा डोस पाजतात. मग पोट उघडून जखमा मोजतात. अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांची तुलना होते, आणि बरोबरीला ओमेप्राझोलसारखं नेहमीचं औषध दिलेला तिसरा गट असतो.

यात दोन गोष्टी नीट बघा. एक, अर्क आधी दिला जातो आणि जखम नंतर केली जाते. म्हणजे सिद्ध होतं ते संरक्षण. आधीच झालेला अल्सर बरा होणं हा वेगळाच प्रश्न आहे. दोन, जखम तासाभरात अल्कोहोलनं केलेली असते. वर्षानुवर्षं पोटात घर करून बसलेला जिवाणू त्या प्रयोगात नसतोच.

आणि डोस? अशा प्रयोगांत साधारण किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम अर्क दिला जातो. उंदराचा डोस माणसाला लावताना सरळ वजनानं गुणत नाहीत, सहानं भागून मग गुणतात. तरीही ६० किलोच्या माणसाला रोज दोन ते चार ग्रॅम सुका अर्क लागेल. १०० ग्रॅम सुक्या फुलांतून २० ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर रोजची दहा ते वीस ग्रॅम सुकी फुलं. बाटलीवर 'अर्क १०० मिलिग्रॅम' छापलं असेल, तर हिशेब तुम्हीच करा. एक्सेलसुद्धा लागणार नाही.

अजून एक गंमत. फूल तेच, पण ते कशातून पोटात जातं यावर सगळं ठरतं. आसव-अरिष्टात आंबवण्यामुळे अल्कोहोल तयार होतं. पोटात जखम असलेल्यानं 'धायटी आहे की यात' म्हणून रिकाम्या पोटी अरिष्टाची बाटली तोंडाला लावणं म्हणजे वरच्या प्रयोगातली दोन्ही पात्रं स्वतःच रंगवणं. वैद्य ती औषधं ज्या कारणासाठी आणि ज्या मात्रेत देतात, त्याच कारणासाठी आणि त्याच मात्रेत ती घ्यावीत.

मामाचा काढा

हे सगळं मी इतकं खोदून का सांगतेय? कारण माझा मामा.

मामा गारगोटीलाच असतो. शेती, दोन म्हशी आणि दुखरे गुडघे. काही वर्षांपूर्वी त्यानं गुडघ्यांसाठी दुकानातून गोळ्या आणायला सुरुवात केली. आधी कधीमधी, मग रोज. छातीखाली जळजळायला लागलं, तसा त्यानं धायटीच्या फुलांचा काढा सुरू केला. बरं वाटलं. मामी म्हणाली डॉक्टरला दाखवा, तर म्हणाला, "कशाला? पित्त हाय. काढा घेतोय नव्हं!" मी फोनवर विचारलं, तर मलाही तेच. "अगं पोरी, तुमच्या त्या गोळ्यांपेक्षा आपलं फूल बरं."

एका आठवड्यात त्याला शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. काल मटण जास्त झालं असेल, म्हणून सोडून दिलं. चौथ्या दिवशी गोठ्यातून येताना चक्कर येऊन पडला. गाडी करून कोल्हापूरला नेलं, एंडोस्कोपी झाली. पोटात अल्सर, त्यातून रक्त वाहत होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. तपासणीत हेलिकोबॅक्टरही निघाला. म्हणजे दोन्ही गुन्हेगार एकाच घरात!

आता मामा ठणठणीत आहे. चौदा दिवस अँटिबायोटिक्स, पित्ताची गोळी आणि त्या पेनकिलर कायमच्या बंद. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं डॉक्टरांना भीत भीत काढ्याबद्दल विचारलं. डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "मामा, फुलाचा दोष नाही. फुलानं तुम्हाला धीर दिला आणि त्या धिरापायी तुम्ही दोन महिने उशीर केलात."

तेव्हापासून बाटलीवरचं 'नैसर्गिक रक्षण' वाचलं की मला ते वाक्य आठवतं. आणि गंमत म्हणजे ते ड्रॉवरमधल्या स्ट्रिपलाही तितकंच लागू आहे. तीही धीरच देते.

ज्येष्ठमधाचा प्रवास

मग वनस्पतींचं सगळं सोडून द्यायचं का? अजिबात नाही. चरकाच्या यादीतलं ज्येष्ठमध आठवतंय?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हॉलंडमधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की गावातल्या औषधविक्याकडचं ज्येष्ठमधाचं चाटण घेणाऱ्या अल्सरच्या पेशंट्सना बरं वाटतंय. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. स्वतःच्या पेशंट्सना देऊन पाहिलं. फायदा दिसला, पण काहींचा चेहरा आणि हातपाय सुजले. दोन्ही गोष्टी त्यांनी नोंदवल्या. त्यावर पुढे काम होऊन १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ज्येष्ठमधापासून कार्बेनॉक्सोलोन नावाचं अल्सरचं औषध आलं. त्यानं अल्सर भरायचे, पण ब्लडप्रेशर वाढायचं आणि पोटॅशियम घटायचं. १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आलं, मग ओमेप्राझोल आलं आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडलं.

आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात संशोधकांनी कच्च्या केळ्यावर अशीच वर्षानुवर्षं मेहनत घेतली. केळ्याची पूड उंदरांच्या पोटाचं अस्तर जाड करते, असं त्यांनी दाखवलं. वनस्पतीवर खरा विश्वास असेल, तर तिची इतकी कसून परीक्षा घ्यायची. नुसतं लेबल छापणं हा विश्वास नाही, धंदा आहे. धायटी अजून उंदरांच्या वर्गात आहे. वरच्या वर्गात जाईलही, पण आत्ताच तिला पदवी देऊन कसं चालेल?

आणि तांबडा रस्सा?

कोल्हापूरचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. "तुम्ही एवढं तिखट खाता, मग अल्सर होणारच!" सॉरी बॉस, चूक. तिखटानं अल्सर होत नाही. १९९५ मध्ये सिंगापूरमध्ये १८ धडधाकट लोकांना आधी मिरचीची पूड आणि अर्ध्या तासानं ॲस्पिरिन दिलं. दुसऱ्या वेळी मिरचीऐवजी नुसतं पाणी दिलं. मिरची घेतली त्या वेळी पोटातल्या जखमा कमी निघाल्या! आहे तो अल्सर तिखटानं झोंबतो, हे मात्र खरं. त्यामुळे रस्सा निर्धास्त ओरपा, पण ओरपताना दुखत असेल तर दोष रश्श्याला देऊन गप्प बसू नका.

मग करायचं काय?

* पेनकिलर रिकाम्या पोटी आणि रोजच्या रोज नको. साध्या डोकेदुखीला किंवा तापाला पॅरासिटामॉल पोटाच्या दृष्टीनं बरी, अर्थात मात्रेत.
* पित्ताची गोळी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागत असेल, तर नवी स्ट्रिप आणण्याऐवजी डॉक्टर गाठा. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. जळजळ सुरू झाल्यावर चघळायच्या नसतात.
* हेलिकोबॅक्टरची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरूनही होते. त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवावी लागते, म्हणून डॉक्टरांना सगळं खरं सांगा. काढे आणि कॅप्सूलसुद्धा.
* सिगारेटनं अल्सर भरायला उशीर लागतो. हे वाक्य टेरेसवर ब्रेक घेणाऱ्यांसाठी.
* फुलांचा चहा आवडतो? खुशाल प्या. लवंग घाला, शेवग्याच्या फुलांची भाजी करा, गुलकंद खा. अन्न म्हणून ते छानच आहे. फक्त त्याच्या भरवशावर दुखणं अंगावर काढू नका.
* शौचाला डांबरासारखं काळं होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसणं, वजन विनाकारण उतरणं, घास अडकणं, एकाएकी पोटात असह्य कळ येणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मीटिंग गेली खड्ड्यात.

आणि हो, फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा लाँग वीकएंड मिळाला तर भुदरगडला नक्की जा. किल्ला बघा, पाटगावला जाऊन मधाची बाटली घ्या आणि उतारावर धायटी फुललेली दिसली की एक फूल तोडून देठाकडून चोखून बघा. एकच हं, बाकीची मधमाश्यांसाठी.